नावापुरतं तेल

हिवाळ्यातली सकाळ, नाक गच्च चोंदलेलं आणि हाताशी पेपरमिंटच्या तेलाची नवी बाटली. अंघोळीच्या कढत पाण्यात मी दहा थेंब टाकले. मोजले नव्हते, दहा असतील, बारा असतील. बादलीत हात फिरवला, पहिला मग भरून पाठीवर ओतला आणि मिनिटभरात कुडकुडायला लागले. न्हाणीघरात वाफ कोंदलेली, पाण्यात हात ठेववत नाही इतकं ते गरम, आणि माझे दात वाजतायत. थंडी घालवायला आणखी पाणी घेतलं तर ती वाढलीच. पाठ लालबुंद झाली. शेवटी अंग पुसून पांघरुणात शिरले आणि अर्धा तास तशीच पडून राहिले. नाक मात्र मोकळं झाल्यासारखं वाटत होतं.

या 'वाटत होतं'मध्ये सुगंधी तेलांचं अर्धं इंगित आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपल्या कातडीत आणि नाकाच्या आतल्या अस्तरात थंडी ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांच्यावर एक प्रथिन असतं, टीआरपीएम८ असं त्याचं रुक्ष नाव. तापमान साधारण २५ अंशांच्या खाली उतरलं की हे प्रथिन दारासारखं उघडतं आणि 'गार आहे' असा निरोप मेंदूकडे जातो. पेपरमिंटमधलं मेन्थॉल तेच दार ढकलतं. पाणी कढत असलं तरी दार उघडतं, निरोप जातो आणि मेंदू बिचारा त्यावर विश्वास ठेवतो. माझं अंग गार पडलंच नव्हतं. गार पडल्याची खोटी वर्दी तेवढी गेली होती.

नाकाचंही तेच. मेन्थॉल हुंगल्यावर नाकातून किती हवा जाते हे यंत्राने मोजून पाहिलेलं आहे. ती होती तेवढीच राहते. सुजलेलं अस्तर सुजलेलंच असतं, पण आत शिरणारी हवा गार लागते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. भास म्हणून त्याला कमी लेखू नका. रात्री डोळा लागायला तेवढा भास पुष्कळ होतो. फक्त 'सर्दी गेली' असं समजून बसू नका, इतकंच.

आता दहा थेंबांनी एवढा गोंधळ कसा घातला? बादलीभर पाण्यात दहा थेंब म्हणजे खरं तर काहीच नाही. पण तेल पाण्यात विरघळलंच नव्हतं. ते पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे वर तवंग धरून बसलं होतं आणि मी भरलेल्या पहिल्याच मगात तो तवंग जवळजवळ सगळा आला. म्हणजे बादलीभर पाण्यात मिसळलेलं तेल मी घेतलं नाही, मी ते नुसतंच पाठीवर ओतून घेतलं. मिठात कालवून टाकलं की तेल पाण्यात मिसळतं, असा सल्ला सर्रास दिला जातो. मीठ विरघळून जातं आणि तेल पुन्हा वर येतं. तेलाला पाण्यात धरून ठेवायला साबणासारखं काहीतरी लागतं, नाहीतर ते आधी दुसऱ्या तेलात मुरवावं लागतं.

इथे 'तेल' या शब्दानेच आपली फसगत होते. एका कागदावर बदामाच्या तेलाचा एक थेंब टाका आणि शेजारी लॅव्हेंडरच्या तेलाचा. दुसऱ्या दिवशी बदामाच्या थेंबाचा पारदर्शक तेलकट डाग तसाच असेल, थोडा पसरलेला. लॅव्हेंडरचा डाग बहुतेक उडून गेलेला असेल. बदामाचं, तिळाचं, खोबऱ्याचं तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ, मोठमोठे जड रेणू; ते हवेत उडत नाहीत. लॅव्हेंडर, पेपरमिंट, निलगिरी यांची तेलं म्हणजे छोट्या, चंचल रेणूंचं मिश्रण. त्यात स्निग्ध पदार्थ औषधालाही नसतो. ते नाकापर्यंत पोचतात ते उडतात म्हणूनच. इंग्रजीत या तेलांना 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात; त्यातल्या 'इसेन्शियल' या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. त्याचा इथे 'अत्यावश्यक' या अर्थाशी काही संबंध नाही. इसेन्स म्हणजे अर्क, त्याचं हे विशेषण. आपण याला सरळ अर्क म्हणत आलो असतो तर निम्मे अपघात टळले असते असं मला वाटतं, कारण अर्क म्हटलं की हात आपोआप आखडता होतो. तेल म्हटलं की माणूस तळहातावर ओतून घेतो.

झाडं हा अर्क माणसासाठी बनवत नाहीत. कुणाला किडे पळवायचे असतात, कुणाला मधमाश्या बोलवायच्या असतात, कुणाला बुरशी दूर ठेवायची असते. पुदिन्याच्या पानावर भिंगातून पाहिलं तर बारीक चमकदार पुटकुळ्या दिसतात; तेल त्यांच्यात भरलेलं असतं. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि वास दरवळतो. संत्र्याच्या सालीत तर या पिशव्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून दुमडली की उडणारा फवारा चर्रकन पेटतो आणि क्षणभर ठिणग्या दिसतात. मुलांना दाखवण्यासारखी गंमत आहे (आपण शेजारी उभं राहून). शिवाय ही तेलं ज्वालाग्राही असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

पिशवीतून बाटलीत आणायची नेहमीची रीत ऊर्ध्वपातनाची. पानाफुलांच्या ढिगातून वाफ सोडायची. ती वाटेतल्या पिशव्या फोडते आणि तेलाचे रेणू उचलून नेते. पुढे नळी थंड पाण्यातून जाते, वाफेचं पाणी होतं, वर तेल तरंगतं आणि खाली सुगंधी पाणी उरतं. गुलाबपाणी म्हणतात ते हे खालचं पाणी. संत्रं, लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं एक फळ) यांच्या साली मात्र दाबून, खरवडून तेल काढतात. या फरकाकडे लक्ष ठेवा, उन्हाचा विषय निघाला की तो कामाला येणार आहे. मोगऱ्याच्या जातीची नाजूक फुलं वाफ सोसत नाहीत. त्यांचा गंध द्रावकात उतरवून घेतात, आणि त्याला तेल न म्हणता ॲब्सोल्यूट म्हणतात.

कधीकधी ही वाफ तेल नुसतं वाहून नेत नाही, ती नवं काही घडवते. जर्मन कॅमोमाइलचं फूल पांढऱ्या पाकळ्यांचं आणि पिवळ्या गोंड्याचं असतं. त्याचं तेल बाटलीत उतरतं ते गर्द निळं, शाईसारखं. फुलात निळं काहीच नसतं. मॅट्रिसिन नावाचा एक बिनरंगी पदार्थ असतो, वाफेच्या उष्णतेने तो मोडतो आणि त्यातून चामाझुलिन हे निळं संयुग तयार होतं. 'निसर्गात असतं तसंच्या तसं बाटलीत' ही जाहिरात वाचली की मला हे निळं तेल आठवतं.

किती फुलांतून किती तेल निघतं हेही माहीत असावं. लॅव्हेंडरच्या शंभर ते दीडशे किलो फुलोऱ्यातून किलोभर तेल मिळतं. बल्गेरियातल्या कझानलाकच्या खोऱ्यात दमास्क गुलाब पहाटे खुडतात, कारण ऊन चढलं की गंध उडून जातो. तिथे किलोभर तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे गुलाबतेलाचा एखादा थेंब कातडीवर टाकला की मूठ-दोन मुठी नव्हे, चांगली परातभर फुलं एका ठिपक्यात येऊन बसली. 'नैसर्गिकच तर आहे, त्याने काय होणार' या वाक्याला माझं उत्तर हा आकडा आहे.

बाटलीतल्या द्रवात एकच पदार्थ नसतो, डझनांनी असतात. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनॅलिल ॲसिटेट यांचं राज्य, निलगिरीत सिनिओलचं, लवंगेत युजेनॉलचं, गवती चहात सिट्रालचं, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलात टर्पिनेन-४-ऑलचं. प्रमाण मातीनुसार, हवामानानुसार आणि जातीनुसार बदलतं. रोझमेरी एकच, पण एका प्रदेशातली कापराच्या अंगाने जाते, दुसरीकडची सिनिओलच्या. खरी लॅव्हेंडर, लॅव्हंडुला अंगुस्टिफोलिया, मऊ वासाची. तिची चुलतबहीण स्पाइक लॅव्हेंडर, तिच्यात कापूर जास्त. झोपेसाठी म्हणून दुसरी आणली तर डोळे टक्क उघडे राहायचे. लेबलावर लॅटिन नाव का हवं, ते यासाठी.

आता नाकाकडे वळू. नाकाच्या आत वरच्या बाजूला, डोळ्यांच्या मध्ये, टपाल तिकिटाएवढ्या जागेत गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींवर रेणू पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राहक म्हणतात; माणसाकडे त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढलं आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. एकेक रेणू एकच ग्राहक दाबत नाही. पेटीवर सूर धरावा तसे अनेक एकदम दाबतो आणि मेंदू तो मेळ 'लिंबू' किंवा 'चंदन' म्हणून ओळखतो. दिसलेलं आणि ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातं. गंध या नाक्यावर थांबत नाही. भावना आणि आठवणी जिथे घडतात त्या भागांकडे त्याला जवळचा रस्ता आहे. म्हणून एखादा वास आला की आधी छातीत काहीतरी हलतं, आणि तो कशाचा हे नंतर कळतं.

यातूनच एक गोष्ट निघते आणि ती विकणारे सहसा सांगत नाहीत. वास मनाला शांत करेल की नाही हे बाटलीपेक्षा तुमच्या गतआयुष्यावर जास्त अवलंबून आहे. लॅव्हेंडरने जगाला झोप येत असेल. पण ज्याने आजारपणाचे महिने लॅव्हेंडरच्या फवाऱ्याने भरलेल्या खोलीत काढले त्याला त्या वासाने मळमळेल. पुस्तकातली यादी बाजूला ठेवून 'मला कोणता आवडतो' इथून सुरुवात करावी. आवडत्या वासाला एखादी सवय जोडावी. रोज दिवा मालवण्याआधी एकाच वासाचा एक थेंब रुमालावर घेतला, तर काही आठवड्यांत तो वासच झोपेची खूण होतो. इथे रेणूचा गुण किती आणि सवयीचा किती, हे वेगळं काढायच्या भानगडीत मी पडत नाही. झोप लागते.

प्रयोगशाळेत मात्र ते वेगळं काढावंच लागतं. ओहायोमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ जणांना लिंबाचा आणि लॅव्हेंडरचा वास देऊन पाहिला. लिंबाने मनःस्थिती सुधारली. पण कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक, जखम भरून यायचा वेग, वेदना सोसायची ताकद, यांतलं काहीच दोन्ही वासांनी हललं नाही. माझ्या मते हा निकाल या सगळ्या शास्त्राचा प्रामाणिक सारांश आहे: मन हलकं होतं, आणि तेवढंच होतं. मन हलकं होणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

'ॲरोमाथेरपी', म्हणजे सुगंधी तेलांचे उपचार, हा शब्द एका भाजलेल्या हातातून आला. रने-मोरिस गॅटफोसे हे फ्रान्समधल्या लियाँचे रसायनतज्ज्ञ, घरचा अत्तरांचा व्यवसाय. १९१० च्या जुलैमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. पुढची गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की त्यांनी जळता हात शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि तो डाग न राहता बरा झाला. त्यांनी स्वतः १९३७ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय ते वेगळं आहे. ते हिरवळीवर लोळले, आग विझली, पण हातांना गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा जंतुसंसर्ग, झालं आणि लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्यावर ते पसरायचं थांबलं, असं ते सांगतात. प्रतिजैविकं यायच्या आधीचा हा काळ होता, आणि जंतूंना मारणारं जे हाती लागेल ते वापरलं जात होतं. भांड्याची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यामुळे आजही लोक भाजलेल्या जागेवर तेल ओततात. भाजल्यावर वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. दुसरं काही नाही. गॅटफोसेंनंतर हा शब्द फ्रेंच लष्करातले डॉक्टर जाँ वाल्ने यांनी औषधाच्या वाटेने नेला आणि मार्गरीट मोरी यांनी मालिश आणि सौंदर्याच्या वाटेने. आज पार्लरमध्ये जे चालतं ते मोरीबाईंच्या घराण्याचं.

सौंदर्याकडे येऊ, कारण बहुतेकांच्या घरी बाटली येते ती चेहऱ्यासाठी नाहीतर केसांसाठी.

मुरुमांवर टी ट्रीच्या तेलाला खरोखर थोडा आधार आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवर तुलना झाली. एका गटाला ५ टक्के टी ट्रीचं जेल, दुसऱ्याला ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवरचं नेहमीचं औषध. मुरूम दोन्हीकडे कमी झाले. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण आग, कोरडेपणा हे त्रास कमी झाले. आता त्यातला '५ टक्के' हा आकडा पाहा. शंभर भागांत पाच. बाटलीतलं शंभर टक्के तेल कापसाने थेट मुरुमावर टेकवणं हा तो प्रयोग नाही, आणि त्यातून मुरूम जाऊन पुरळ यायचीच शक्यता जास्त.

केसांसाठी रोझमेरीचा सध्या फार बोलबाला आहे. त्यामागे २०१५ चा एक अभ्यास आहे: आनुवंशिक टक्कल पडू लागलेले शंभर पुरुष, निम्म्यांना रोझमेरीचं तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावरचं नेहमीचं औषध. तीन महिन्यांनी कुणालाच फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली. पण नुसतंच तेल, ज्यात काहीच औषध नाही, असं लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. त्यामुळे वाढ रोझमेरीची, की रोजच्या चोळण्याची, हे त्यातून ठरत नाही. मला विचाराल तर सहा महिने नेमाने करायची तयारी असेल तर करून पाहायला हरकत नाही. आठ दिवसांत दाट केसांची आश्वासनं देणाऱ्यांकडे मात्र पाठ करावी.

सुरकुत्या, डाग, गोरेपणा यांवर या तेलांनी काही होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चेहऱ्यावर जी तुकतुकी येते ती बहुतेक खालच्या साध्या तेलाची असते. बदाम, तीळ, द्राक्षबिया, होहोबा, ज्यात आपण हे थेंब मिसळतो. त्यांना कॅरिअर ऑइल म्हणतात. काम ती करतात, नाव मात्र सुगंधाचं होतं.

मिसळायचं गणित सोपं आहे आणि ते चुकवू नये. एक मिलिलिटर म्हणजे २० ते ३० थेंब. बाटलीच्या तोंडावर आणि तेलाच्या दाटपणावर ते ठरतं. ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, साध्या तेलात सहा-सात थेंब टाकले की साधारण १ टक्का होतो. चेहऱ्याला एवढं किंवा याच्या निम्मं. अंगाला चोळायला २ टक्के, म्हणजे बारा-चौदा थेंब. दालचिनी आणि लवंग यांच्या वाट्याला मी चेहऱ्यासाठी जातच नाही. ती फार तिखट. नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहायची. चोवीस तास पुरेत असं लिहिलेलं असतं, पण ॲलर्जीची खाज पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उठते.

ॲलर्जीचा स्वभावही विचित्र आहे. पहिल्यांदा काही होत नाही, दहाव्यांदाही होत नाही. शरीर तेवढ्यात त्या रेणूची ओळख पटवून ठेवतं आणि मग एके दिवशी लालेलाल. एकदा अशी ओळख पटली की ती सहसा जन्मभर पुसली जात नाही, आणि लिनालूलसारखा रेणू साबण, शॅम्पू, क्रीम, सगळीकडे असतो. बाटलीच्या एका हौसेपायी अर्धी प्रसाधनं सोडावी लागलेली माणसं असतात. शिळं तेल इथे जास्त घातक. लिमोनिन आणि लिनालूल ताजे असताना बरेच सौम्य असतात. हवेशी संबंध येऊन त्यांचं ऑक्सिडेशन झालं की जे पदार्थ बनतात ते ॲलर्जी उठवतात. युरोपात प्रसाधनांच्या लेबलवर सुगंधातल्या अशा ठराविक ॲलर्जीकारक घटकांची नावं छापायची सक्ती आहे ती यामुळे. वेष्टनावर 'लिमोनिन, लिनालूल, सिट्रॉनेलॉल' असं बारीक अक्षरात दिसलं की घाबरू नका. ते लपवलेलं रसायन नाही, लिंबू, लॅव्हेंडर आणि गुलाबाच्या आत जे असतं तेच ते.

आता ते ऊन. बर्गमॉट, लाइम, लिंबू यांच्या साली दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिन जातीचे रेणू येतात. हे तेल लावून उन्हात गेलं की अतिनील किरणांशी त्यांची प्रतिक्रिया होते आणि कातडी भाजते. फोड येतात, मागे महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतो. पूर्वी बर्गमॉटचं कोलोन गळ्याला लावणाऱ्या स्त्रियांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे डाग उमटायचे. फ्रेंच शब्द लोंबत्या पदकाचा, 'बेर्लोक', त्यावरून त्या विकाराला नावच पडलं. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लावून ठेवायच्या प्रसाधनांत बर्गमॉटला ०.४ टक्क्याची मर्यादा घातली आहे. ३० मिलिलिटरला दोन-तीन थेंब. हेच रेणू जड असल्याने वाफेबरोबर वर येत नाहीत. म्हणून वाफेने काढलेल्या लाइमच्या तेलाला हा दोष नाही. बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' आहे की 'डिस्टिल्ड', हे वाचायचं ते यासाठी. खात्री नसेल तर रात्री लावा, सकाळी धुऊन टाका.

घरात डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत सोडणारं उपकरण, लावणाऱ्यांसाठी थोडंसं. तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली. नाक दहा-पंधरा मिनिटांत वासाला सरावतं आणि आपल्याला वाटतं वास गेला, म्हणून आपण आणखी थेंब टाकतो. बाहेरून येणारा माणूस दारातच ठसकतो. शिवाय लिंबासारख्या तेलांतले रेणू हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बनवतात, तेव्हा बंद खोलीत दिवसभर डिफ्यूझर चालवून 'हवा शुद्ध' होत नाही, उलटंच होतं. घरात दमेकरी असेल तर त्याला विचारल्याशिवाय लावूच नये. मांजर असेल तर आणखी जपा: हे रेणू निकामी करून शरीराबाहेर टाकायची यकृतातली एक महत्त्वाची वाट मांजरांकडे जवळजवळ नसतेच, आणि केसांवर बसलेलं तेल ती चाटून पोटात घेतात. टी ट्रीपासून तर त्यांना लांबच ठेवावं.

लहान मुलांच्या बाबतीत मी गंमत करत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल, कापूर, निलगिरी नेऊ नये; श्वासनलिका आवळून श्वास अडकू शकतो. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊन ते बेशुद्ध पडू शकतं. विंटरग्रीनचं तेल, सांधेदुखीच्या मलमांतला तो ओळखीचा वास, जवळजवळ संपूर्ण मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचा भाऊबंद, असतं. त्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका मारा असतो, म्हणजे नेहमीच्या वीसेक गोळ्या एकदम. ही बाटली सुवासिक असते, छोटी असते, औषधासारखी दिसते आणि ड्रेसिंग टेबलावर मुलाच्या हाताच्या उंचीवर असते. ती कपाटात वर ठेवा. मुलाने प्यालंच तर उलटी काढायला लावू नका, तेल फुप्फुसात उतरण्याची भीती असते. बाटली हातात घेऊन तडक दवाखाना गाठा.

मोठ्यांनीही पाण्यात थेंब टाकून प्यायचं खूळ घेऊ नये. पेपरमिंटच्या कॅप्सूल आतड्याच्या दुखण्यावर डॉक्टर देतात, लॅव्हेंडरच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल जर्मनीत चिंतेवर दिल्या जातात, हे खरं. पण त्या कॅप्सूलमधला डोस मोजलेला असतो. पेपरमिंटची तर जठरात फुटू नये म्हणून वर वेगळा लेप असतो. गरोदरपणात आणि फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

खरेदीचं एक गुपित. 'थेराप्युटिक ग्रेड' असा कोणताही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय दर्जा नाही. कंपन्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती पदवी आहे. 'केमिकल-फ्री' तर निव्वळ विनोद, कारण बाटलीत रसायनांखेरीज काही नसतंच. पाहायचं ते असं: वनस्पतीचं लॅटिन नाव, कोणत्या भागाचं तेल, कुठल्या देशातलं, बॅच नंबर आणि गडद काचेची बाटली. मागितल्यावर जीसी-एमएस चाचणीचा, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणारा, कागद देणारा विक्रेता बरा. आणि ज्या मांडणीत गुलाब, चंदन, संत्रं, निलगिरी सगळं एकाच किमतीला असेल तिथून बाहेर पडा. तीन-चार टन पाकळ्यांचं तेल आणि रस काढून उरलेल्या सालींचं तेल एका भावात बसत नाही. 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलेलं असेल तर ते कारखान्यात जुळवलेलं अत्तर. खोली सुगंधी करायला त्यात वाईट काही नाही, फक्त दुसऱ्या नावाने विकलं जाऊ नये.

घरी आणल्यावर झाकण घट्ट, जागा अंधारी आणि थंड. बाटली उघडल्याची तारीख मी लेबलावर पेनाने लिहिते. संत्रं-लिंबू आणि टी ट्री वर्षभरात संपवावीत. चंदन, पचौली, खस ही मुरतात तशी खुलतात. बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत ओतावी, म्हणजे वर हवा कमी राहते. सुगंधी पाणी मात्र पाणीच असल्यामुळे त्यात जंतू वाढतात. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि गढूळ दिसलं की टाका.

आणि लिंबाचं तेल शिळं होऊन त्याला टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला, तर ते अंगाला लावू नका, पण फेकूही नका. नव्या बरणीवरचं लेबल ओढल्यावर जो चिकट गोंद उरतो त्यावर कापसाने दोन थेंब लावा आणि पाच मिनिटांनी पुसा. नखाने खरवडायची गरज पडत नाही. बरणी काचेची असेल तरच हा उद्योग करा. मी एकदा प्लॅस्टिकच्या डब्यावर केला आणि गोंदाबरोबर डब्याची चकाकीही निघून आली.